सगळी लाइन पास

माझा आवाज मोठा आहे. लहानपणी ठाण्यात बाळकुमला आमच्या आळीत मी आईला हाक मारली की शेजारच्या दोघी-तिघी "काय गो?" म्हणत बाहेर यायच्या. आई मासळी विकायची. बाजारातल्या गलबल्यात गिऱ्हाइकाला हाका मारून मारून तिचा आवाज असा काही तापलेला, की घरी साधं मीठ मागितलं तरी भांडण चाललंय असं वाटायचं. मी तिचीच पोर. आता आळीच्या डोक्यावर टॉवर उभे राहिलेत, तिथल्या बाया इंटरकॉमवर बोलतात. आम्ही अजून खिडकीतूनच.

वागळे इस्टेटच्या कंपनीत हा आवाज माझ्या कामी आला. आम्ही घरातले विजेचे स्विच बनवतो. तुम्ही बटण दाबता आणि टक् करून वाजतं ना, त्याच्या आत एक इवलीशी स्प्रिंग असते, एक पितळी पट्टी असते आणि मुंगीच्या डोक्याएवढा स्क्रू असतो. लांबलचक टेबलाच्या दोन्ही बाजूंना आम्ही बाया बसून ते जोडतो. ही आमची लाइन. मागे मशीनं धडधडत असतात, त्यामुळे हळू बोलणाऱ्या माणसाला इथे कुणी विचारत नाही.

मला हे काम मावशीने शिकवलं. ती कुणाचीच सख्खी मावशी नाही, सगळ्या लाइनचीच आहे. मूळची साताऱ्याकडची, राहायला कळव्याला. मी नवीन असताना माझ्या चिमट्यातून स्प्रिंग उडाली की ती ओरडायची, "अगं ए म्हशी, स्प्रिंग आहे ती, टोळ नाही!" मी तिच्याहून वर आवाज काढून म्हणायचे, "मग तू पकड ना!" मग दोघी टेबलाखाली शिरून शोधायचो, हसून हसून पोट दुखायचं. मावशीच्या शिव्यांत जेवढी माया होती तेवढी माझ्या सासूच्या कौतुकात मी कधी बघितली नाही. सासू हे वाचणार नाही, म्हणून लिहिते.

तर अशी मी, मला सुपरवायझर केलं. लाइनने टाळ्या वाजवल्या, मावशीने पेढा माझ्या तोंडात कोंबला आणि म्हणाली, "आता आमच्यावर ओरडायचा पगार मिळणार हिला!" मी हवेत होते नुसती. पुढच्याच आठवड्यात आमचा व्हॉट्सॲप ग्रूप शांत झाला. ना गुड मॉर्निंगची फुलं, ना कुणाच्या सुनेची गाऱ्हाणी. मला वाटलं, बाया सुधारल्या. मग डोंबिवलीहून येणारी माझी मैत्रीण, जिच्या पोटात काही म्हणून राहत नाही, तिने सांगून टाकलं की नवा ग्रूप काढलाय. माझ्याशिवाय.

"का गं? मी काय खाते तुम्हाला?"

"तू आता मॅनेजमेंट," ती म्हणाली आणि खिदळली. मी पण हसले, पण घरी जाताना बसमध्ये लागलंच मनाला.

त्यातच साहेबांनी मला ट्रेनिंगला पाठवलं. साहेब म्हणजे आमचे मालक, माणूस भला, फक्त घाईत असतो. ठाण्यातल्या एका हॉटेलचा हॉल होता, एसी एवढा की मी पदर कानावर घेऊन बसले. टायवाले सर छान बोलले, मी प्रामाणिकपणे सगळं ऐकलं. सुपरवायझरने आवाज चढवायचा नाही. चारचौघांत चूक दाखवायची नाही, एकट्याला बाजूला घेऊन सांगायची. आणि सांगताना सँडविच करायचं. आधी कौतुक, मध्ये चूक, वरून पुन्हा कौतुक. मला ते एवढं पटलं की सांगू! वाटलं, आपण आजवर अडाण्यासारखं ओरडत आलो. आता शहाण्यासारखं वागायचं.

सोमवारपासून मी हळू बोलायला लागले. "जरा लवकर करता का?" "प्लीज, तो ट्रे सरकवता का?" बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. पहिल्या दिवशी एकीने लवंग आणून दिली, घसा बसलाय म्हणून. दुसऱ्या दिवशी दुसरीने विचारलं, "घरी सगळे बरे आहेत ना?" मी आपली मंद हसून मान हलवायचे. सरांनी हसायलाही सांगितलेलं. माहेरी गेले तेव्हा आईने ऐकलं तशी ती माझ्या कपाळाला हात लावून बघायला लागली, "काय गो, बरी हायेस ना?"

आणि मग बातमी उठली की कंपनी गुजरातला चालली. आमच्या इस्टेटीतल्या किती कंपन्या अशा उठून गेल्या, त्यांच्या जागी काचेची ऑफिसं आली. तेव्हा बायांनी डोकं लावलं: एवढी बोंब मारणारी बाई गोड बोलतेय, म्हणजे हिला सगळं माहितीय आणि हिला आपली कीव येतेय. नव्या ग्रूपवर म्हणे कोणत्या महिन्यात टाळं लागणार तेसुद्धा ठरलेलं. मला तेव्हा यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. मला वाटत होतं, वा, ट्रेनिंगचा काय परिणाम, लाइनवर चिटपाखरू बोलत नाही!

अशातच साहेबांनी मला बोलावलं. मावशीचे पीस परत येत होते. कुठे स्प्रिंग आडवी, कुठे स्क्रू अर्धवट. "त्यांनी खूप केलं कंपनीसाठी," साहेब म्हणाले, "पण आता होत नाही त्यांच्याच्याने. या महिन्यात सुधारलं तर ठीक. नाहीतर शाल-श्रीफळ देऊन नीट निरोप देऊ. तुम्हीच बोला, तुमचं ऐकतील त्या."

मावशीशिवाय लाइन? मावशीच्या घरी मुलगा-सून आहेत, खायची ददात नाही. पण ती नेहमी म्हणायची, "घरी बसले की मरेन मी. तिथे सगळे आपापल्या मोबाइलमध्ये. इथे निदान भांडायला माणसं आहेत." तिला कसंही करून ठेवायचंच, हे मी तिथेच ठरवलं. आणि त्यासाठी काय करावं? तर सँडविच!

साहेब चहाला बाहेर गेले तेव्हा मी मावशीला केबिनमध्ये बोलावलं. आता आमच्याकडे केबिनमध्ये बाई कधी जाते? तिला घरी पाठवायचं असेल तेव्हा. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण डोक्यात ट्रेनिंग भरलेलं. मावशी खुर्चीच्या कडेला टेकली. मी आवाज खाली आणला, तिला जन्मात पहिल्यांदा "तुम्ही" म्हटलं आणि सुरुवात केली.

"मावशी, तुमचा स्वभाव फार चांगला आहे. तुम्ही सगळ्यांना खूप जीव लावलात."

मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. असं आपण कुणाबद्दल बोलतो? माणूस गेल्यावर, हार घातलेल्या फोटोसमोर! मी मधली चूक सांगितली, वरचं कौतुकही ठेवलं, पण ती काही ऐकतच नव्हती. उठली, म्हणाली, "बरं, मॅडम," आणि गेली. मॅडम! मला तिने म्हशीखेरीज दुसरी हाक मारली नव्हती आजवर. दुसऱ्या दिवशी मावशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

रविवारी मी तडक कळव्याला तिच्या घरी गेले. ती दारात बसून तांदूळ निवडत होती. मला बघून उठली नाही की चहा विचारला नाही.

"मला काढायचंय तर तोंडावर सांग," ती म्हणाली. "गोड काय बोलतेस? गोड बोलणाऱ्यांची मला भीती वाटते."

"कोण काढतंय तुला? तुझे पीस परत येतायत एवढंच सांगत होते!"

"मग एवढंच सांगायचं होतंस. शिव्या घालून सांगायचं. मी केलं असतं नीट."

मी तिच्यासमोर मांडी घालून बसले. तेव्हा माझं लक्ष सुपाकडे गेलं. मावशी तांदूळ बघत नव्हती, बोटांनी चाचपत होती. एक काळा खडा सुपाच्या मध्यात ठसठशीत दिसत होता, तिचा हात दोनदा त्याच्यावरून गेला आणि खडा तिथेच राहिला.

"मावशी, डोळे दाखवलेस का कधी?"

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?" ती अशी काही फिसकारली की मी विषयच सोडला. पण उद्या कामावर येते, एवढं कबूल केलं तिने. निघताना तो खडा मी हळूच उचलला आणि बाहेर फेकला.

आता मी स्वतःवरच खूश. दुखणं सापडलं होतं! साहेबांना म्हटलं, डोळे तपासणाऱ्याला कंपनीत बोलवा. आणि एकट्या मावशीचे नको, तिला लागेल. सगळ्यांचेच तपासू. साहेबांना पटलं. मी लाइनवर जाऊन मंद आवाजात जाहीर केलं, "शुक्रवारी सर्वांची नेत्रतपासणी आहे." नेत्रतपासणी! असा शब्द माझ्या तोंडून बाहेर पडल्यावर बायांची काय बोबडी वळली असेल, याची कल्पना मला नंतर आली.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत चष्मेवाला आला. जवळच्याच दुकानातला, किडकिडीत, हसरा माणूस. लाइनवरच्या कामासाठी जवळचं दिसतं का ते आधी बघायचं होतं, म्हणून कँटीनच्या टेबलावर त्याने काचांची पेटी मांडली आणि एक कार्ड काढलं. त्यावर वर मोठी अक्षरं, खाली खाली बारीक होत गेलेली. पहिला नंबर डोंबिवलीवालीचा. तिने खणखणीत वाचून दाखवलं, अगदी तळाच्या ओळीपर्यंत. "सकाळी बाजारात ताजी भाजी येते. माळी झाडांना पाणी घालतो. चिमणी वळचणीला काड्या जमवते." बाकीच्या दाराशी रांगेत. दुसरीनेही घडाघडा वाचलं. तिसरीनेही. पाचवी-सहावीपर्यंत चष्मेवाला थक्क.

"मॅडम, तुमच्याकडे काय खायला घालता हो? सगळ्या पास!"

मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. मग मावशी खुर्चीत बसली. तिने कार्ड हातात घेतलं, छातीशी धरलं आणि आरती म्हणावी तशी चालीत सुरू केलं, "सकाळी बाजाराऽत ताजी भाजी येते, माळी झाडांऽना..." रांगेतल्या बायांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. चष्मेवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी कार्डाकडे बघितलं. कार्ड उलटं होतं.

तिडीक गेली माझ्या डोक्यात! सगळं ट्रेनिंग, ते हळू बोलणं, तो मंद हसरा चेहरा, सगळं एका झटक्यात उतरलं. मी अशी काही ओरडले की बाहेर रिक्षावाल्याने वळून बघितलं असेल.

"अगं ए मावशे! कार्ड उलटं धरलंयस! काय लावलंय हे? परीक्षेत कॉपी करायला शाळकरी पोरी आहात काय गं तुम्ही?"

आणि मग काय झालं, तर मावशीचा चेहरा उजळला. खरंच सांगते, उजळला. ती डोंबिवलीवालीला म्हणाली, "बघ. बरी आहे ही. ओरडली."

"मग इतके दिवस काय झालेलं हिला?" मागून कुणीतरी विचारलं.

आणि धरण फुटल्यासारख्या सगळ्या एकदम बोलायला लागल्या. कंपनी गुजरातला जातेय ना? यादी झाली ना? ज्यांना दिसत नाही त्यांना आधी काढणार ना? डोंबिवलीवालीने कमरेवर हात ठेवून सुनावलं मला. "विसरलीस? आधीच्या सुपरवायझरच्या वेळी एक जण चाळिशी लावून आली, तर तिला लाइनवरून उठवून खोके बांधायला बसवलं होतं. तेव्हापासून कोण चष्मा लावतंय इथे? पर्समध्ये ठेवतात सगळ्या. मी कार्ड मोठ्याने वाचलं ते काय उगाच?"

मी बघतच राहिले. म्हणजे एकट्या मावशीचं नव्हतं हे. अर्धी लाइन अंदाजाने स्क्रू लावत होती, आणि एकमेकींना सांभाळून घेत होती. राग कुठल्या कुठे गेला माझा. वाटलं, एकेकीला मिठी मारावी आणि मग एकेकीच्या पाठीत धपाटा घालावा.

"ऊठ," मी मावशीला म्हटलं. तिच्या जागी मी बसले, कार्ड सुलटं केलं आणि खणखणीत आवाजात वाचायला लागले. "सकाळी बाजारात ताजी भाजी येते." पुढे? पुढे मुंग्या. ऐकून ऐकून मलाही पाठ झालेलं, पण आता मीच कॉपी कशी करू? हात लांब केला. अजून लांब केला. सुपरवायझरच्या टेबलावरच्या ट्यूबलाइटला मी महिनाभर शिव्या देत होते, ती ट्यूबलाइट बिचारी निर्दोष होती.

"मला दिसत नाही!" मी ओरडले. "ऐका सगळ्यांनी! सुपरवायझरला दिसत नाही! मी नापास!"

हशा उसळला. चष्मेवाल्याने ती लोखंडी चौकट माझ्या नाकावर चढवली, काच टाकली, बदलली. आणि माळी आला की हो समोर, झाडांना पाणी घालत! मला एवढा आनंद झाला की मी ती चौकट तशीच घालून उठले आणि आधी स्वतःचे हात बघितले. बोटांवरच्या रेषा बघितल्या. मग दारात साहेब उभे दिसले, आवाज ऐकून आलेले.

"साहेब," मी जागेवरूनच म्हटलं, तशाच मोठ्याने, "कंपनी कुठे चाललीय का?"

"नाही! कोण म्हणालं?"

"आणि चष्मा लागला म्हणून कुणाला लाइनवरून उठवणार? मला उठवायचं तर आत्ता सांगा, मी लावलाय."

साहेब त्या चौकटीकडे बघत राहिले, मग त्यांना हसू फुटलं. "कुणालाही नाही. दिसायला लागलं तर माझा फायदाच आहे ना," ते म्हणाले. सगळ्यांसमोर म्हणाले, तेच मला हवं होतं.

मी खुर्चीकडे बोट दाखवलं. "चला. परत पहिल्यापासून. आणि डोंबिवलीवाली, तू तोंडाला कुलूप लाव."

मावशी पुढे झाली. खुर्चीत बसली, कार्ड सुलटं धरलं, लांब केलं, जवळ आणलं. मग एवढंच म्हणाली, "नाही गं दिसत. कधीपासून नाही." मी तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिले. चष्मेवाल्याने बॅटरीने डोळे बघितले आणि सांगितलं की चष्म्याने भागणार नाही, मोतीबिंदू दिसतोय, डॉक्टरकडे जा, ऑपरेशन साधं असतं. मावशीने माझ्याकडे बघितलं. तिला काय विचारायचंय ते मला कळलं आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "तुझी जागा तुझीच. कुणी बसलं तिथे तर माझ्याशी गाठ आहे."

नंतरच्या काळात मी सरांची ती ट्रेनिंगची फाइल परत वाचली, चष्मा लावून. सगळंच टाकाऊ नव्हतं हो. त्यात लिहिलेलं, आदेश देण्याआधी विचारा, तुम्हाला काय वाटतं. ते मी घेतलं. आता रोज सकाळी टेबलाच्या टोकाला उभी राहून मी सगळं जाहीर करते. ऑर्डर किती आली, साहेब काय म्हणाले, कुणाचे पीस परत आले आणि कुणाचे झकास झाले. मग विचारते, "बोला, काय करायचं?" आणि बाया बोलतात, बाप रे, कशा बोलतात! चुका कमी झाल्या, गुजरातही राहिलं गुजरातला. ग्रूपवरही मला परत घेतलं. रोज सकाळी आता गुलाबाची फुलं येतात, कधी कधी वाटतं बाहेर होते तेच बरं होतं.

मावशीची दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. ती नव्हती तेव्हा तिच्या स्टुलावर कुणी साधा डबासुद्धा ठेवला नाही. मग एका सकाळी ती आली, नवी साडी नेसून, हळदीकुंकवाला आल्यासारखी. लाइनवर एकच गलका झाला. सगळ्यांकडे हात हलवत ती सरळ माझ्यापाशी आली, माझी हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे वळवलं.

"अगं बाई, किती केस पिकले तुझे! आणि डोळ्यांखाली हे काय? झोपत नाहीस होय गं?"

"झालं? नजर आली ती माझ्यावरच?" मी म्हटलं, पण माझा आवाज फुटेना. ओरडायला तोंड उघडलं आणि चष्म्याच्या काचाच ओल्या झाल्या. मी पटकन भिंतीकडे तोंड केलं, बोर्डावर काहीतरी बघतेय असं दाखवत.

"रडतेस काय गं म्हशी?" मावशी मशीनांच्या वर आवाज चढवून म्हणाली. "दिसतंय मला!"

अख्खी लाइन वळली. झाडून सगळ्या चष्मे सावरत माझ्याकडे बघायला लागल्या.

"काय बघताय? कामं करा!" मी ओरडले.

"हळू बोल गं," टेबलाच्या टोकाला आपल्या स्टुलावर बसत मावशी म्हणाली. "ऐकू येतंय आम्हाला." आणि चिमटा हातात घेऊन तिने पहिली स्प्रिंग उचलली.